गुरुवारचा फोन

वारा फिरला की भट्टीची पांढरी धूळ शाळेत यायची. बाकांवर, खिडक्यांच्या गजांवर, पोरांच्या पापण्यांवर बसायची. खडूची कुठली आणि चुन्याची कुठली, ते कळायचं नाही. त्या वर्षी पाऊस धड झालाच नव्हता. टेकडीवरच्या विहिरीने तळ दाखवला होता आणि धूळ बसवायला शिंपडावं एवढंही पाणी कुणाकडे नव्हतं.

शाळेत नव्या बाई आल्या होत्या. त्या काही शिकवत नसत. जिन्याखालच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडून बसत आणि मुलांशी बोलत. कागदोपत्री त्या समुपदेशक. पोरांच्या तोंडी ‘बोलायच्या बाई’. शिक्षकांच्या खोलीत सुरुवातीला त्यांची थोडी थट्टाच व्हायची.

“आम्ही बोलणाऱ्यांना गप्प करायचं आणि तुम्ही गप्प बसणाऱ्यांना बोलतं करायचं,” गणिताचे सर म्हणायचे. “दोघांची बेरीज शून्य.”

बाई हसायच्या. पण सातवीतली, भट्टीवरच्या मजुराची मुलगी त्यांना काही केल्या बोलती करता येईना. ही मुलगी जन्माची अबोल नव्हती. कविता म्हणायला पहिली उठणारी, दुसऱ्याचं उत्तर त्याच्या आधी सांगून ओरडा खाणारी पोर. ऊन तापायला लागलं तशी ती मिटत गेली. हजेरीला नुसता हात वर करायची. पोरांनी तिचं नाव ‘मुकी’ ठेवलं, आणि तिने तेही मुकाट्याने ठेवून घेतलं.

बाईंनी तिला खोलीत बोलावलं. ती खुर्चीच्या टोकावर बसली. घोट्यांपर्यंत पांढरी, केसांच्या मुळाशी पांढरी. विचारलेलं सगळं ऐकत होती, मान हलवत होती. एकदाच तिने तोंड उघडलं. पण आवाज फुटायच्या आत घाईने दोन्ही हात तोंडावर दाबले. आतून भलतंच कुणीतरी बाहेर येईल, अशा भीतीने.

त्या संध्याकाळी, शाळा सुटून बराच वेळ झाल्यावर, बाईंनी तिच्या घरी फोन लावला.

“हॅलो, कोण बोलतंय?” बाईमाणसाचा आवाज होता. भरदार, जरासा घोगरा, ऐकता ऐकता ओळखीचा वाटावा असा.

बाईंनी आपण कोण ते सांगितलं आणि मुलगी शाळेत बोलत नसल्याचंही सांगितलं.

“अगंबाई! ती बोलत नाही?” आई खोकत खोकत हसली. “अहो, घरी टकळी बंद होत नाही तिची. मला म्हणून तोंड उघडू देत नाही. वयच असतं ना बाई असं. येईल ताळ्यावर.”

“तुम्ही शाळेत येऊन जाल का एकदा?”

“भट्टी सोडून कुठली येतेय? तुम्हीच फोन करत जा. पण संध्याकाळीच करा. दिवसा हात चुन्यात असतात.”

मग गुरुवार ठरला. दर गुरुवारी संध्याकाळी बाई फोन करू लागल्या आणि दर गुरुवारी पलीकडून तोच आवाज येऊ लागला. मुलीने काय खाल्लं, कशावरून रुसली, बापाशी कशी भांडली, सगळं तो सांगायचा. बाई शिक्षकांच्या खोलीत जाऊन म्हणायच्या, “आईशी माझं नियमित बोलणं आहे. घरी सगळं ठीक आहे.” मुख्याध्यापक मान डोलवायचे. ऐकणाऱ्यांच्या मनावरचं ओझं उतरायचं. पोर मात्र तशीच.

हळूहळू तो आवाज बाईंचीही विचारपूस करू लागला. “दमल्यासारखा आवाज येतोय तुमचा. जेवता ना वेळेवर? एकट्या माणसाने स्वतःसाठी रांधायचा कंटाळा करू नये.” बाई गावात एकट्याच राहायच्या, भाड्याच्या एका खोलीत. असं विचारणारं त्यांना तिथे दुसरं कुणी नव्हतं. गुरुवार आला की त्या सकाळपासूनच फोनकडे बघू लागल्या. एकदा आवाज म्हणाला, “काल निळं नेसला होतात म्हणे. शोभून दिसतं तुम्हाला.”

“पोरीने सांगितलं वाटतं?”

“नाहीतर मला कोण सांगणार? मी कुठे बघते तुम्हाला?”

फोन ठेवल्यावर बाईंना उगीचच खिडकीतून बाहेर बघावंसं वाटलं. बाहेर मैदान होतं, पाण्याची टाकी होती. माणूस कुणी नव्हतं.

मग एकदा असं झालं, की मुलीची फी माफ करण्यासाठी आईची संमती तातडीने हवी होती. बाईंनी भर दुपारी फोन लावला. मुलगी त्या वेळी वर्गात बसलेली होती. पलीकडे फोन उचलला गेला.

“ताई, मी बोलतेय. अवेळी त्रास देतेय, पण...”

उत्तर नाही. नुसता श्वास येत होता. साधा श्वास नव्हे. कोरड्या पाचोळ्यावरून कुणीतरी काही ओढत न्यावं तसा. आत जाताना खरखर, बाहेर येताना खरखर. बाईंनी दोनदा हाक मारली. श्वास जवळ आला. मग नखाने काहीतरी ठोकल्यासारखा आवाज झाला. टक टक टक. थांबून पुन्हा टक टक टक. बाईंनी झटकन फोन बंद केला.

गुरुवारी त्यांनी विचारलं.

पलीकडून आवाज म्हणाला, “रेंज नसते हो दुपारची. काहीबाही ऐकू येतं. दिवसा नका करू फोन, मी सांगितलं होतं ना तुम्हाला?” शेवटचं वाक्य जरा तुटक आलं. मग पुन्हा मऊ होऊन तोच आवाज म्हणाला, “जेवलात का?”

बाई जेवल्या नव्हत्या, पण हो म्हणाल्या.

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर बाईंनी सगळ्या शिक्षकांना पंधरा मिनिटं थांबायला सांगितलं. कुरकुर झाली. कुणाला घरी पाहुणे होते, कुणाचं डोकं दुखत होतं. बाई म्हणाल्या, “एका मुलीबद्दल प्रत्येकाने एकेक गोष्ट सांगायची. तिचे मार्क सोडून. पाहिलेली, ऐकलेली. मग जा.”

गणिताचे सर पेनाचं टोपण चावत म्हणाले, “तिची बोटं फाटली आहेत. पेन्सिल धरताना रक्त येतं. मी विचारलं, तर हात पाठीमागे घेतले.”

“माझ्या तासाला झोपते,” भाषेच्या बाई म्हणाल्या. “मी उठवत नाही. इतकी गाढ झोपते, की मला भीती वाटते.”

खाऊ वाटणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “घट्ट काही घेत नाही ती. पातळ तेवढं डब्यात भरते आणि घरी नेते. मला वाटलं, घरी तान्हं मूल असेल.”

चित्रकलेच्या सरांनी घसा खाकरला. “हसू नका. मधल्या सुट्टीत टाकीमागे बाईमाणूस बोलताना ऐकलं मी. ‘मुकादम, येते की, हा काय पाटी उचलून येते.’ असं काहीसं. तेच तेच, पुन्हा पुन्हा. मी म्हटलं, शाळेत कोण बाई आली? जाऊन बघितलं तर ही एकटी. भिंतीकडे तोंड करून.”

कुणी हसलं नाही. पाहुणे घरी आलेल्या बाईसुद्धा उठल्या नाहीत.

“हे तुम्ही मला सांगितलं का नाही?” बोलायच्या बाईंनी विचारलं.

“तुम्हीच म्हणत होतात ना, आईशी बोलणं आहे, सगळं ठीक आहे,” चित्रकलेचे सर म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

बाईंनी पर्स घेतली आणि त्या तशाच टेकडीच्या रस्त्याला लागल्या.

ऊन रणरणत होतं. वर जावं तसा रंग कमी होत गेला. झाडं पांढरी, दगड पांढरे, पायवाट पांढरी. वाटेत बांधलेली शेळी डोळ्यांपुरतीच काळी. सावलीसुद्धा फिकट पडत होती. चढावाच्या शेवटी भट्टी होती, जाडजूड दगडी बुरुजासारखी. तिच्या तोंडातून धूर निघत नव्हता, नुसती हवा थरथरत होती. बाजूला हौद. भाजून निघालेला कळीचा चुना त्यात विझवतात. पाणी पडलं की ते ढेकूळ फुटतं, उकळतं, फुसफुसतं. हौदावर वाफेचा लोट उभा होता आणि त्यात डोकं, तोंड, मान फडक्याने गुंडाळलेलं कुणीतरी फावड्याने चुना ढवळत होतं.

खालच्या रस्त्यावर मोटरसायकल थांबली. मुकादमाने तिथूनच हाक दिली, “काय गं, जोडी आहे ना कामावर?”

“आहे की!” वाफेतून आवाज आला. “रोज रोज काय विचारता? पळून जाऊ का काय?”

मुकादम हसला आणि निघून गेला. बाईंना हायसं वाटलं. गुरुवारचा आवाज! इतके दिवस कानाशी असलेला, जेवलात का विचारणारा. त्या भराभर पुढे गेल्या.

“ताई, मीच ती. शाळेतली.”

फावडं थांबलं. फडक्याच्या फटीतले डोळे त्यांच्याकडे वळले.

“या बाई, उन्हाच्या आलात. दमला असाल. बसा, पाणी आणते.”

आवाज तोच होता, पण तो बाईंच्या खांद्याखालून येत होता. बाईंनी खाली बघितलं. पुरुषी, मोठाले गमबूट, आणि त्यांत काठीसारखे पाय. त्याच वेळी समोरच्या खोलीचं दार करकरलं. दारात एक बाई उभी होती. गळ्याला ओलं फडकं, ओठ पांढरे. तिची छाती वर-खाली होत होती आणि पाचोळ्यावरून ओढल्यासारखा श्वास येत होता. बाईंकडे बघत ती सावकाश मान हलवत होती. नाही. नाही. नाही.

बाईंनी हात पुढे करून समोरचं फडकं सोडलं. आत मुलगी होती. चेहऱ्यावरचा चुना घामाने तडकला होता.

“अगं,” बाई म्हणाल्या.

मुलीच्या तोंडून आईचा आवाज आला, “पोर शाळेत गेलीय बाई. येईलच इतक्यात. तुम्ही सावलीत बसा.”

“शाळा सुटली. तूच ती.”

“येईल ना. रेंगाळत येते. वयच असतं तसं.” ती तेच घोगरं, खोकत खोकत हसली. डोळे मात्र हसत नव्हते. ते बाराएक वर्षांच्या पोरीचे होते आणि पाण्याने भरले होते.

दारातल्या आईने हातातलं पत्र्याचं भांडं चौकटीवर आपटलं. पुन्हा आपटलं. भट्टीच्या माथ्यावरून बाप धावत उतरला. कोळशाने काळा आणि चुन्याने पांढरा, असा तो मधोमध दुभागल्यासारखा दिसत होता. बाईंना बघून त्याने हात जोडले, मग ते मळके आहेत हे लक्षात येऊन पाठीमागे नेले.

“बाई, मालकाला सांगू नका. खोली नवरा-बायकोच्या जोडीला मिळते. एक माणूस कमी झालं, की गाठोडं बाहेर.”

“यांना काय झालं?”

“पाणी कमी पडलं.” तो हौदाकडे बघत बोलत होता. “विहीर आटली. मुकादम म्हणाला, आहे तेवढ्यात विझवा. पाणी कमी असलं की चुना भडकतो. ही वाकली होती वर. सगळी वाफ तोंडात गेली. दवाखान्यातला म्हणाला, घसा भाजलाय, बोलू नका. तेव्हापासून एक अक्षर फुटलं नाही.”

“आणि हिने...”

“मुकादमाने हाक मारली दुसऱ्या दिवशी. मी गडबडलो. ही पोर आतून बोलली, आईसारखी. हुबेहूब. लहानपणापासून नकला करायची. तो गेल्यावर आम्ही हसलो बाई, खरंच हसलो. मग तुमचा फोन आला. मग मी भट्टीवरून आलो की ‘आलात का’ म्हणायची. तेवढंच. घरात आवाज असला की बरं वाटतं. मला कळत होतं थांबवायला पाहिजे. नाही थांबवलं.”

“स्वतःच्या आवाजात कधी बोलली शेवटची?”

बापाने बायकोकडे बघितलं. बायकोने मान खाली घातली. कुणालाच आठवत नव्हतं.

मुलगी मध्येच म्हणाली, “चहा टाकू का हो?” बाप कळ आल्यासारखा अंग चोरून उभा राहिला.

बाई तिथे अंधारून येईपर्यंत बसल्या. मुलीच्या हातांना तेल चोळलं. आईशी बोलायचा प्रयत्न केला. तिने नखाने भांड्यावर टक टक टक केलं आणि हाताने जवळ बोलावलं, तेव्हा दुपारच्या त्या ठोकण्याचा अर्थ त्यांना कळला. ती फोनवर त्यांनाच बोलावत होती. टक टक टक. या, या, या. आणि आपण घाबरून फोन ठेवला.

सोमवारी मुख्याध्यापक बाईंबरोबर मालकाकडे गेले. मालक काही पाघळला नाही. पंख्याखाली बसून म्हणाला, “मी काय धर्मशाळा उघडलीय?” मुख्याध्यापक मवाळ माणूस, शिपायालाही अहो-जाहो करणारे. पण तेव्हा ते उभे राहिले आणि म्हणाले, “माझ्या शाळेतली मुलगी तुमच्या हौदावर उभी असते. तिची आई तुमच्या कामावर भाजली. यापुढचं बोलणं मी इथे करावं की वर करावं, तुम्ही सांगा.” मालकाने पंख्याकडे बघितलं, मुकादमाकडे बघितलं. शेवटी मुलीच्या आईला छपराखाली पोती शिवायचं काम मिळालं आणि खोली राहिली. मुकादम भट्टीवरून जाता जाता म्हणालाच, “मुकी बायको म्हणजे चैनच आहे की लेकाची.” बापाने ते ऐकून घेतलं.

मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी आईच्या घशात नळी घालून बघितलं. गिळता येईल, श्वास सुधारेल, म्हणाले. आवाज नाही. लवकर आणलं असतं तर सांगता आलं असतं काही. आता नाही.

मुलगी शाळेत दिवसभर जागी राहू लागली. पण गप्पच होती. एकदा भाषेच्या बाईंनी तिला प्रेमाने वाचायला सांगितलं. ती उठली, वाचू लागली, आणि वर्गभर ती घोगरी, मोठ्या बाईची वाणी पसरली. मुलं आपापल्या बाकावर मागे सरकली. तिला ‘मुकी’ म्हणणाऱ्याने कानावर हात ठेवले. ती मधेच थांबली आणि खाली बसली.

शनिवारची पंधरा मिनिटं आता कुणी चुकवत नव्हतं. ठरलं, की तिला कुणी बोलायला लावायचं नाही. बोललीच तर दचकायचं नाही, कौतुकही करायचं नाही. आणि जे दिसेल ते त्याच दिवशी बोलायच्या बाईंना सांगायचं. बाई मग दुपारी, मुलगी वर्गात असताना, टेकडीवर फोन लावायच्या. पलीकडे श्वास यायचा. “आज तिने डबा पूर्ण खाल्ला,” बाई सांगायच्या. टक. “रात्री नीट झोपली का?” टक म्हणजे हो, टक टक म्हणजे नाही. “तुम्ही औषध घेतलंत?” उत्तर लांबायचं. टक टक. “घ्या.” टक. आणि गुरुवारी त्या स्वतः जाऊन यायच्या.

असं कितीतरी दिवस चाललं. एके दिवशी गणिताचे सर तास सोडून जिन्याखालच्या खोलीत आले. हातात खडू तसाच.

“आकडे मोजत होती,” ते कुजबुजले. “स्वतःशी. बारीक आवाजात. मी फळ्याकडे तोंड केलं आणि लिहीतच राहिलो. काय लिहिलं, देवाला ठाऊक. वळलोच नाही.”

“कसा होता आवाज?”

“पोरीसारखा,” सर म्हणाले.

त्यानंतर तो आवाज सापडत आणि हरवत राहिला. कधी अर्ध्या वाक्यात आई यायची, मग पोर ओठ मिटून घ्यायची, थांबायची, पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. हळूहळू आई यायची थांबली.

एका गुरुवारी बाई वर गेल्या तेव्हा आभाळ भरून आलं होतं, पण वारा पडला होता. छपराखाली आई पोतं शिवत बसली होती. मुलगी शेजारी सुतळी कापून देत होती आणि सारखी बोलत होती. कुणी कुणाला शाई फासली, कुणाचा पाय मोडला, सगळं एका दमात. आवाज पातळ होता, जरा नाकातला, कुणासारखाच नसलेला. बाहेर बाप चुना चाळत होता.

आईने दाभण खाली ठेवलं. मुलीचा हात धरला. स्वतःच्या गळ्याला बोट लावलं, मग तिच्या गळ्याला, मग स्वतःच्या कानाला. एक बोट वर केलं. एकदाच.

मुलगी बाईंकडे बघू लागली. आईने पुन्हा तेच केलं. त्या बोटात विनवणी होती.

बाहेरची चाळण थांबली.

मुलीने डोळे मिटले. खांदे थोडे पाडले, मान एका बाजूला केली, जशी तिची आई पूर्वी करत असणार. आणि म्हणाली, “अगं ऊठ की, ऊन डोक्यावर आलं.”

पोरीचाच आवाज. तिने पुन्हा म्हणून बघितलं. जाड केला, खाली नेला, खोकली. नकला करणाऱ्या कुठल्याही पोरीसारखा आला. तिसऱ्यांदा अर्ध्यावर सोडून दिलं.

“येत नाही, आई.”

आई तशीच राहिली, कान जरा पुढे करून, अजून काही यायचं असल्यासारखी. मग तिने पोरीच्या गालावरचा चुना अंगठ्याने पुसला, दाभण उचललं आणि सुतळीचं टोक थुंकीने ओलं करून नेढ्यात ओवू लागली. ते एका खेपेत गेलं नाही.

थोड्या वेळाने बाहेर चाळण पुन्हा सुरू झाली.